सहा खाटांची सहल

माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडात टॉर्च मारला.

भुसावळच्या एका कॉलेजात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि मी खोली शोधत होतो. रेल्वेच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक मेट्रन आहेत, त्यांची खालची खोली रिकामी आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी बेल वाजवली. दारात पांढरी साडी, खांद्यावर पिनेनं लावलेलं उलटं घड्याळ आणि हातात टॉर्च. मी "नमस्कार" म्हणालो. त्या दिवशी माझा आवाज जरा बसलेला होता.

"आ करा," त्या म्हणाल्या. "अजून मोठा. जीभ आत."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस, पायरीवर उभा राहून रस्त्यावरच्या लोकांसमोर आ करून उभा होतो.

"खोली देते. पण दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या."

तेव्हापासून ती खोली सोडेपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, मी टॉन्सिल होतो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं. कुरिअरवाल्याला त्या बरोबर माझ्या दाराशी पाठवत. पण नाव ही त्यांच्या मते माणसाच्या आईबापांनी घाईत केलेली नोंद होती. माणसाची खरी ओळख त्याला काय झालं होतं यावरून. सगळ्या पंचक्रोशीला त्या तशाच ओळखत. भाजीवाला हर्निया, किराणावाला कावीळ, समोरच्या गल्लीतले वकील मुतखडा. एकदा बाजारात एक मोठे पुढारी भेटले. बरोबर सहा-सात कार्यकर्ते, पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात सोन्याची साखळी. त्यांनी वाकून नमस्कार केला. मेट्रननी त्यांना क्षणभर न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मूळव्याध ना रे तू? बसताना अजून त्रास होतो?"

पुढच्या निवडणुकीत सगळे उमेदवार आमच्या गल्लीत येऊन गेले. हे नाही आले.

घरात त्यांचे नियम दवाखान्याचे होते. दारावर पाटी होती, "भेटण्याची वेळ चार ते सहा". एकदा त्यांच्या माहेरचे लोक लग्नाची पत्रिका घेऊन साडेतीनला आले, तर त्यांना अर्धा तास पायरीवर बसवलं. चार वाजता दार उघडून "या, या, किती दिवसांनी!" म्हणत आत घेतलं आणि पोटभर जेवू घातलं. रोज सकाळी सहाला त्या राउंड घेत. माझ्या खोलीत येऊन पलंगाची चादर बघत. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले नसले तर त्या काही बोलत नसत, चादर ओढून काढत आणि निघून जात. बहुतेक वेळा मी त्या चादरीवर झोपलेला असे.

त्यांची काही ठरलेली वाक्यं होती. पेशंटला काय हवंय ते पेशंटला विचारायचं नसतं, हे एक. दुसरं त्या नवीन नर्सना शिकवायच्या, आणि पुढे मलाही बऱ्याचदा ऐकवलं: ओरडणाऱ्या पेशंटची काळजी करू नका, तो जगतो, गप्प पडलेल्याकडे आधी बघा.

त्यांच्या घरात असे गप्प पेशंट दोन होते. त्यांचीच मुलं.

थोरला, ज्याला सगळे भाऊ म्हणत, रावेरकडे गावी केळी करायचा. गळ्यात माळ, बोलणं घरच्या बोलीतलं. धाकटा, बापू, नरडाण्याच्या एका कारखान्यात मॅनेजर, राहायला धुळ्यात, बोलणं शहरातलं. दोघांत अडीच वर्षं अबोला होता. कारण भाऊंच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. त्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून गावच्या तेरा माणसांची नावं होती, आणि मुलीच्या सख्ख्या काकाचं नाव खाली 'कार्यवाहक' मंडळींत, दूध डेअरीचे सेक्रेटरी आणि मंडपवाला यांच्या मधोमध. बापूंनी पत्रिका उलटसुलट वाचली, लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आईला भेटायला भाऊ पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी येत, बापू दुसऱ्या आणि चौथ्या. महिन्यात पाचवा रविवार आला तर कुणीच येत नसे.

सुनांचं भांडण मात्र फक्त नवऱ्यांसमोर चालू असायचं. एरवी त्या दोघी फोनवर तासन् तास बोलत. हे मला ठाऊक होतं, कारण मोठ्या वहिनी आल्या की फोन करायला माझ्या खोलीबाहेरच्या जिन्यात येऊन बसत.

तिथल्या माझ्या शेवटच्या जानेवारीत मेट्रननी मला वर बोलावलं आणि मोबाईल दाखवला. त्यांच्या बरोबरीच्या कुणा रिटायर सिस्टरनी व्हिडिओ पाठवला होता. एक भलीमोठी गाडी, आत पलंग, शेगडी, बेसिन. आईबाप, मुलं, सुना असं अख्खं कुटुंब त्या गाडीतून नाशिककडचे द्राक्षांचे मळे, वाइनचे कारखाने, धरणं, धबधबे बघत फिरतंय आणि सगळे सारखे हसतायत.

"टॉन्सिल, हे का हसतायत?"

"सहल आहे म्हणून."

"चूक. गाडीला दार एकच आहे म्हणून." त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. "तुमच्याकडे लायसन आहे ना? सोमवारपासून पाच दिवस रजा टाका."

मी म्हणालो, दोन्ही मुलं उत्तम गाडी चालवतात, मग मी कशाला? त्यांनी माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. भाऊंनी गाडी चालवली तर बापू बसणार नाहीत, बापूंनी चालवली तर भाऊ. भाड्याचा ड्रायव्हर आणावा तर त्याची फुफ्फुसं त्यांनी तपासलेली नव्हती. माझा घसा तरी बघितलेला होता.

गाडीची सोय धुळ्यात झाली. तिथे हायवेवर गाड्यांच्या बॉडी बांधणारा एक कारागीर होता. त्याच्या आईला मेट्रननी कधीकाळी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं, त्यामुळे तो त्यांच्या लेखी 'धनुर्वाताचा मुलगा' होता. त्यानं एका गिऱ्हाइकासाठी जुन्या मिनीबसची कॅरव्हॅन केली होती आणि गिऱ्हाईक अजून न्यायला आलं नव्हतं. ती मिनीबस आधी लग्नाची वऱ्हाडं न्यायची, मग एका उमेदवाराचा प्रचाररथ झाली होती. प्रत्येक जन्माची खूण तिच्यावर शिल्लक होती. छताला निळ्या दिव्यांच्या माळा होत्या, आणि उन्हात बघितलं तर नव्या रंगाखालून 'प्रचंड बहुमतानं विजयी करा' एवढं वाचता येत होतं.

मेट्रन, भाऊ आणि मोठ्या वहिनींना घेऊन मी भाऊंच्या जीपनं धुळ्याला पोचलो, तर कॅरव्हॅनशेजारी बापू आणि धाकट्या वहिनी बॅगा घेऊन उभे. दोघांनाही आईनं सांगितलं होतं की दुसऱ्यानं यायला नकार दिलाय. भाऊंनी जीपमधून पाय खाली ठेवला होता तो तसाच वर घेतला. बापूंनी बॅग उचलली.

कारागीर बिचारा आपल्या अहिराणीत मधे पडला. "अक्का, गाडी बठ्ठी तयार शे. मन्ही माय तुम्हनामुये आज जित्ती शे, तुम्ही फक्त बसा."

मेट्रन बसल्याच. आत जाऊन पहिल्या पलंगावर बसल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "माझं बी.पी. या क्षणाला एकशे नव्वद आहे. कोण कोण परत चाललंय त्यांची नावं सांगा, केसपेपरवर लिहून ठेवते."

"मोजलं कधी?" बापूंनी विचारलं.

"मेट्रनला मोजावं लागत नाही."

दोघं चढले. आत प्रत्येक खाटेवर खडूनं आकडे होते. एक मेट्रनची. तीन आणि चार समोरासमोर, मधे दीड हात जागा; त्यावर भाऊ आणि बापू. वरच्या दोन सुनांच्या. मी स्टिअरिंगमागच्या खाटेवर. तिथे आकड्याऐवजी 'स्टाफ' असं लिहिलं होतं.

मालेगावच्या अलीकडे जेवायला थांबलो. दोन्ही सुनांनी भरीत आणलं होतं, दोन वेगळ्या डब्यांत, आणि भाऊ एका डब्याकडे, बापू दुसऱ्या डब्याकडे तोंड करून बसले. मेट्रननी दोन्ही डबे एका पातेल्यात उलटे केले आणि कालथ्यानं ढवळले. मग वाढलं. कुणाचं भरीत चांगलं झालं होतं हे आता देवालाही सांगता आलं नसतं. वर निळे दिवे लुकलुकत होते, वहिनी एकमेकींकडे न बघता हसत होत्या आणि दोन कर्त्या वयाचे पुरुष मान खाली घालून भाकरी मोडत होते.

खरा प्रकार चांदवडच्या उतारावर झाला. कॅरव्हॅनमध्ये मागे एक छोटा संडास होता. त्याला दार होतं, दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती. गाडी सरळ चालली की दार आपोआप लागायचं आणि ब्रेक मारला की उघडायचं. हे आम्हाला कळलं तेव्हा बापू आत होते आणि पुढे एक म्हैस आडवी आली होती.

मी ब्रेक मारला. दार सताड उघडलं. समोर, हाताच्या अंतरावर, खाट नंबर तीनवर भाऊ बसलेले.

"भाऊ, दार!" बापू ओरडले.

अडीच वर्षांनंतरचे ते पहिले दोन शब्द. भाऊंनी तिकडे न बघता पाय लांब केला आणि पायानं दार लोटलं. म्हैस जाईपर्यंत पाय तिथेच दाबून धरला.

मेट्रननी पुढची व्यवस्था ताबडतोब जाहीर केली. दाराला एक दोरी बांधली. जो आत जाईल त्याच्या समोरच्या खाटेवाल्यानं दोरी धरायची. म्हणजे बापू आत असले की भाऊ दोरी धरणार, भाऊ आत असले की बापू. मी आरशातून बघत होतो. देशातल्या मोठमोठ्या शांतता परिषदांना अशी एखादी दोरी मिळायला हवी होती.

नाशिकच्या पलीकडे, धरणाच्या काठाला, एका वाइनच्या कारखान्यात आम्ही गेलो. बाहेर हिरव्या ओळींवर ओळी, तारांवर चढवलेले वेल, आणि त्यांच्यासमोर फोटो काढायला मुंबई-पुण्याहून आलेली माणसं. त्यांनी टोप्या घातल्या होत्या आणि त्या काढून पुन्हा घालून बघत होती. भाऊंनी द्राक्षाचा एक घड तळहातावर तोलला.

"एवढ्याशा घडासाठी एवढी तार?" ते मला म्हणाले. "आमचा केळीचा एक घड उचलाले माणूस लागते."

काळ्या अ‍ॅप्रनमधल्या एका तरुण मुलीनं आम्हाला आत नेलं. स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या. मेट्रननी टाकीच्या झाकणावरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. मग तिला विचारलं, धुतात कशानं, किती वेळा, नोंद कोण ठेवतं. मुलीनं सगळं नीट सांगितलं. मेट्रन माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ आहे." त्यांनी आयुष्यात कुठल्याही जागेला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र असावं, आणि ते दारूच्या कारखान्याला मिळालं.

मग चव घ्यायचा कार्यक्रम. लांब टेबल, समोर सहा ग्लास, शेजारी परक्या पर्यटकांची दोन टोळकी. मुलगी सांगत होती, ग्लास असा फिरवा, वास घ्या, यात पेरूची झाक आहे, जिभेवर पहिल्या पावसातल्या दगडाची आठवण येते. बापूंनी ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बॉडी चांगली आहे." भाऊंनी माळेला हात लावून ग्लास दूर सरकवला. मुलीनं हसून विचारलं, "तुम्ही दोघं एकत्रच आलात ना?"

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

"आता छोटा घोट तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा, आणि गिळायचं नसेल तर या भांड्यात टाका," मुलगी म्हणाली.

मेट्रनना ही सूचना अत्यंत शास्त्रीय वाटली. त्यांनी घोट घेतला, मान मागे टाकली आणि गुळण्या सुरू केल्या. खळखळ, खळखळ, पूर्ण आवाजात, अर्धा मिनिट. त्या घशातून निघालेला आवाज पार टाक्यांपर्यंत गेला. दोन्ही टोळक्यांनी माना वळवल्या. एकानं मोबाईल वर केला. मेट्रननी भांड्यात चूळ टाकली, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाल्या, "घशाला बरं आहे. टॉन्सिल, तुम्हीपण करा."

मी केल्या. सहा वर्षांची सवय.

त्या खळखळाटात मला भाऊंचा आवाज ऐकू आला. अगदी हळू, दात आवळून. "आईले आवर."

"तू आवर," बापू म्हणाले. "मोठा तू आहेस."

"अन् इथी आणलं कोणी? तुम्ही शहरातले."

"मी आणलं? मला तर सांगितलं होतं की तू येत नाहीयेस!"

"मलेबी तेच सांगितलं!"

दोघांनी आईकडे बघितलं. आई दुसऱ्या ग्लासाचा वास घेत होती. ज्या दोन माणसांना एका मांडवात जेवता आलं नव्हतं, ती एकाच माणसाची लाज वाटून एका बाजूला आली होती. मेट्रननी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर ड्रेसिंग उघडल्यावर जखम कोरडी दिसली की येतं तसं काहीतरी येऊन गेलं.

तिथून आम्ही भंडारदऱ्याकडे गेलो. व्हिडिओत धबधबा होता, म्हणून धबधबा बघायलाच हवा होता. पण द्राक्षं जानेवारीत असतात आणि धबधबे पावसाळ्यात, ही गोष्ट व्हिडिओत सांगितलेली नव्हती. काळ्या कड्यावरून पाण्याचा एक बोटभर ओघळ येत होता. कड्यासमोर सेल्फीसाठी बांधलेला चौथरा मात्र भक्कम होता, आणि त्यावर चढून लोक त्या कोरड्या दगडाकडे पाठ करून फोटो काढत होते. मेट्रन बराच वेळ कठड्याला धरून बघत राहिल्या.

"अडकलंय," त्या म्हणाल्या. "याला कॅथेटर लागेल."

हे भाऊ आणि बापू दोघांनी ऐकलं, आणि दोघं हसले. वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून, पण हसले.

चौथ्या दिवशी सकाळी मी आपोआप जागा झालो आणि दचकलो. ऊन आलं होतं. सहाचा राउंड झालेला नव्हता. रोज त्या खाटांच्या दांड्यांवर चमचा वाजवून सगळ्यांना उठवत. माझी चादरही माझ्या अंगाखाली होती.

मेट्रन कॅरव्हॅनच्या पायरीवर बसल्या होत्या, समोर धरणाचं पाणी. आदल्या दिवशी मी गाडी लावताना एक चाक चिखलात घातलं होतं. त्यावर त्या बोलतील म्हणून मी वाट बघितली. काही नाही. मी मुद्दाम म्हणालो, "मेट्रन, चादर अजून तशीच आहे माझी." तरी काही नाही. मग मी पुढे जाऊन बघितलं. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर होती आणि नजर खांद्यावरच्या घड्याळावर.

"बॅग," त्या म्हणाल्या. "डावा कप्पा."

मी घाबरून उजवा उघडला. आत गॉजच्या पट्टीत व्यवस्थित गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते सुटलं आणि माझ्या हातात पडलं. दाराची कडी आणि चार स्क्रू.

"डावा म्हटलं ना," मेट्रन म्हणाल्या.

डाव्या कप्प्यात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी होती, अर्धी वापरलेली, आणि घडी केलेला एक कागद. मी गोळी दिली आणि ओरडलो. दोघं मुलगे बाहेर आले. कागद बापूंनी उघडला. जळगावच्या एका हृदयाच्या डॉक्टरांचा, आठ महिन्यांपूर्वीचा. लवकर तपासणी करून घ्यावी, जवळच्या माणसांना कल्पना द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. बापूंनी तो भाऊंकडे दिला. भाऊंनी वाचला.

"तुले माहीत होतं?"

"नाही. तुला?"

"मी समजलो, तू नेत असशील तिले डॉक्टरकडे. तू शिकलेला."

"मी समजलो, तू नेतोस. तू जवळ राहतोस."

"मग नेलं कोणी?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्या खालच्या खोलीत राहत होतो. रोज त्यांना बघत होतो. मीही नेलं नव्हतं.

"माझी मी गेले," मेट्रन म्हणाल्या. "एस.टी.नं. पाचव्या रविवारी."

"रविवारी दवाखाना उघडा असतो?" धाकट्या वहिनींनी रडत विचारलं.

"माझ्या हाताखाली शिकलेला आहे. मी आले की उघडतो."

बापूंनी माझ्याकडून किल्ली घेतली आणि ते स्टिअरिंगवर बसले. मी आणि वहिनींनी चाकाखाली दगड टाकले. भाऊंनी आईला खाट नंबर एकवर आडवं केलं आणि स्वतः खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. घोटीपर्यंतचा रस्ता वळणावळणाचा. बापू गाडी पळवत होते.

"हळू! तिले हिसके बसू राहिले!"

"हळू चालवू की लवकर पोचवू? एक काहीतरी सांग!"

"दोन्ही!"

"तू चालव मग!"

मांडीवरून बारीक आवाज आला. "भांडा रे. पण समोर बघून." आणि मग, आम्ही कधी न ऐकलेल्या त्यांच्या माहेरच्या बोलीत, "मले भेव वाटू राहिलं, भाऊ."

सहा वर्षांत मी त्यांना असं काही बोलताना ऐकलं नव्हतं. भाऊंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. पुढे बापूंनी आरसा खाली केला, रस्ता दिसण्यासाठी नव्हे, आई दिसावी म्हणून, आणि डोळे पुसत गाडी चालवत राहिले.

नाशिकच्या एका दवाखान्यात वेळेत पोचलो. झटका आला होता, सौम्य. एक नळी बंद झाली होती, ती त्यांनी त्याच दिवशी उघडली. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडलं तेव्हा मेट्रन चादरीचे कोपरे तपासत होत्या. एक कोवळी नर्स सलाईनची सुई लावायला आली. मेट्रननी तिला बजावलं, "एकदाच टोचायचं." मुलीचा हात जरासुद्धा हलला नाही. सुई एका झटक्यात बसली. मेट्रननी तिच्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

मी बापूंकडे बघितलं, बापूंनी माझ्याकडे.

दवाखान्यात थांबायचं कुणी, यावरून भावांमध्ये रोज जुंपायची. मी थांबतो, तू जा. नाही, तू जा, मी थांबतो. एकदा इतकं वाढलं की त्याच नर्सनं दोघांना वॉर्डाबाहेर काढलं आणि भेटायची वेळ संपली म्हणून दार लावून घेतलं. आत खाटेवर मेट्रन तृप्त चेहऱ्यानं पडल्या होत्या.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा बापू म्हणाले अ‍ॅम्ब्युलन्स करू. भाऊ म्हणाले जीप मागवू. मेट्रन म्हणाल्या, "कॅरव्हॅन." धुळ्याच्या कारागिराला फोन केला, तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अक्का, गाडी तुम्हनीच शे." कडी मी आदल्या दिवशीच दाराला परत बसवली होती. मेट्रननी ती एकदा उघडून, लावून पाहिली.

स्टिअरिंग पुन्हा माझ्याकडे आलं. नाशिक सुटलं आणि मागे सुरुवात झाली. अडीच वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद. कुठली गोळी जेवणाआधी. आईनं आता धुळ्याला राहायचं की गावी. पिंपळगावच्या पुढे ते पत्रिकेवर आले.

"मला कार्यवाहकात टाकलं! मंडपवाल्याशेजारी!"

"अरे, प्रेसवाल्यानं चूक केली."

"प्रूफ कोणी वाचलं?"

भाऊंनी गळ्यातली माळ चाचपली. "मीच."

"मग?"

"चष्मा घरी राहिला होता."

"चष्मा नव्हता तर मला फोन करायचा! मी वाचलं असतं!"

"तू तव्हा मीटिंगमधी होता. तू कायम मीटिंगमधीच राहते!"

"हे बोलत नव्हते तेच बरं होतं," वरून मोठ्या वहिनी म्हणाल्या. धाकट्या वहिनींनी त्यांना टाळी दिली, आता उघड.

"टॉन्सिल," मेट्रननी हाक मारली. "कापूस."

मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्या बॅगेतून कापसाचा रोल काढून दिला. त्यांनी दोन बोळे केले, अगदी सारख्या मापाचे, हातावर धरून पडताळले आणि एकेक करून दोन्ही कानांत बसवले. मग पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले. दिवसाउजेडी झोपलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

भाऊ आणि बापू तोपर्यंत चहावर आले होते. एकाला तो चांदवडला हवा होता, दुसऱ्याला मालेगावला. मी गाडी सुरू केली. दोन्ही गावं गेली, चहा कुठेच झाला नाही. धुळं येईपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि ते दोघं थांबले नाहीत.